सत्यभामावहिनी सालानं राहिल्या

आमच्या गावातली तरणी पोरं सत्यभामावहिनींकडं बघून म्हणतात, "काकू जन्मापासूनच डेअरिंगबाज." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणे जन्मापासून! अरे, तुम्ही जन्मायच्या आधीचं मला विचारा. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, आणि ती काही फार जाड नाही.

मी दत्तप्रसाद. गावच्या मारुतीची पूजा आमच्या घराण्याकडं, म्हणून सगळे मला महाराज म्हणतात. वहिनी म्हणजे माझे शेजारी संपतराव यांच्या मंडळी. त्या किती धीट होत्या ते सांगतो. एकदा सेनगावहून एसटीनं येताना आमचा फाटा आला. कंडक्टरला "थांबवा" म्हणायचं, एवढंच काम. पण भरल्या गाडीत परक्या पुरुषाला हाक कशी मारायची? फाटा गेला, पुढची गावं गेली, वहिनी पिशवी पोटाशी धरून बसून राहिल्या आणि थेट हिंगोलीच्या स्टँडवर उतरल्या. तिथंही कोणाला काही विचारीनात. गावातल्या नर्मदाबाई दवाखान्यातून परत येत होत्या, त्यांना दिसल्या म्हणून त्या दिवशी घरी पोचल्या.

मारुतीच्या देवळापुढं मोठा ओटा आहे आणि तिथं दिवसभर बाप्यांची बैठक असते. ओट्यासमोरून गेलं की वहिनींचं घर लगेच येतं. पण त्या डोक्यावर भरला हंडा असला तरी मागच्या बोळानं, उकिरड्याला वळसा घालून जायच्या. पाल दिसली की ओरडायच्या, आणि आपलं ओरडणं कोणी ऐकलं असेल म्हणून परत घाबरायच्या.

घरात मेंढरांचा कळप होता. वहिनींच्या बापानं लग्नात दोन मेंढ्या आंदण दिल्या होत्या, त्यांचाच वाढत वाढत कळप झाला होता. संपतराव मात्र चारचौघांत "माझी मेंढरं" म्हणायचे. माणूस दिलदार, पण आवाज मोठा आणि ताठा त्याहून मोठा. पोरगी सीमा शिरड शहापूरला दिलेली, त्यामुळं घरात ही दोघंच आणि मेंढरामागं जायला खेमा नावाचा सालगडी.

शहाण्णव सालच्या पाडव्याच्या तोंडावर संपतराव मेंढरांसाठी शेंगा पाडायला बाभळीवर चढले आणि शेंगांच्या आधी स्वतःच खाली आले. नडगीचं हाड मोडलं. पलस्तर घालून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की काठी टेकत चालता येईल, पण मेंढरामागं पळायचं वर्षभर नाव काढायचं नाही.

आमच्याकडं पाडव्याला सालगड्याचं साल संपतं. सकाळी मी ओट्यावर पंचांग वाचतो आणि मग तिथंच नवी सालं ठरतात. मालक ओट्यावर बसतात, गडी खाली उभे राहतात. बोलणी झाली की मी गड्याच्या हातात विडा देतो. विडा घेतला की वर्षभर काम सोडायचं नाही. सोडायचंच झालं तर त्याच ओट्यापुढं येऊन सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं, "मला जमत नाही" असं म्हणायचं. आणि आणखी एक नेम असा, की मालकानंच ओट्यावर यायचं. कामासाठी मालकाच्या दारात जाणं कोणताही गडी कमीपणाचं समजतो.

संपतरावांना मी म्हटलं, "बाजेसकट उचलून नेतो तुम्हाला."

"आजून जित्ता हाय मी, महाराज," ते म्हणाले. "चौघांच्या खांद्यावर आत्ताच जाऊ व्हय? ज्याला काम पायजे तो येईल माझ्या दारी."

कोणीही आलं नाही. खेमा बिचारा बराच वेळ ओट्याखाली घुटमळला. शेवटी नदीपल्याडच्या मोहनसिंग नावाच्या कळपवाल्यानं त्याला विचारलं आणि खेमानं त्याचा विडा घेतला. "म्या वाट पाहिली महाराज," तो मला म्हणाला, "मालक आलेच न्हाईत, मंग काय करू?" दुपारपर्यंत गावातले सगळे गडी ठरून गेले होते आणि संपतराव बाजेवर पडून दाराकडं बघत होते.

"इकून टाकू मेंढरं," भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "यापाऱ्याला सांगावा धाडतो."

थोड्या वेळानं आमच्या मागच्या दाराशी वहिनी आल्या. पदर दातात धरलेला, डोळे सुजलेले.

"महाराज, मालकायला म्हणावं, माझं साल ठरवा."

"तुमचं?"

"गडी न्हाई म्हणून मेंढरं इकून राहिले. माझ्या हातानं दूध पाजलेली लेकरं हायेत ती. मी ऱ्हाते की गडी."

"मग हे तुम्हीच सांगा त्यांना, वहिनी."

"मला भ्या वाटतं."

ज्या बाईला हे नवऱ्याला सांगायची भीती, ती रानात लांडग्याला काय सांगणार? पण गेलो. वहिनी दाराआड उभ्या राहिल्या आणि मी मध्यस्थी केली. संपतराव पोट धरून हसले. मग वहिनी आडून कुजबुजल्या, ते मी मोठ्यानं सांगितलं: गड्याला मिळतं ते सगळं पाहिजे. वहाणजोड, घोंगडी, पोळा-दिवाळीची सुट्टी, आणि दोन्ही वेळची भाकर मालकाच्या घरची.

"दिली," संपतराव म्हणाले. मग जरा थांबून, "पर भाकर करंल कोण?"

"गडी तर करत नसतो," मी म्हणालो.

संपतरावांना वाटलं, दोन-चार दिवसांचा खेळ आहे. "कबूल! पर महाराज, तुमी साक्षीला हाव. ज्या दिवशी ही ओट्यावर येऊन साल मोडंल, त्या दिवशी मेंढरं इकायची." वहिनींनी आडूनच मान हलवली. ओट्यावर यायला त्या तयार होईनात, म्हणून विडा मी घरातच दिला आणि ओट्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. लोक इतके हसले की मला पंचांग मिटावं लागलं. एक गोष्ट मात्र सोपी होती. गड्यानं धन्याला मालक म्हणायचं असतं, आणि वहिनी तर लग्नापासूनच त्यांना मालक म्हणत होत्या.

पहिल्या दिवशी दुपारीच कळप एकटा घरी आला. वहिनी बऱ्याच मागून रडत रडत आल्या. झालं होतं असं, की मेंढरांना हाक घालायला लागते, आणि रानात पुरुष काम करताना बाईमाणसानं ओरडायचं कसं म्हणून वहिनी मेंढरांच्या कानात कुजबुजत होत्या. मेंढरांनी काही वेळ माणुसकी दाखवली आणि मग घर गाठलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून काही तरी चमत्कारिक घुमू लागलं. "हुर्र्र... ह्याऽऽ!" माझी बायको तारा म्हणाली, "बघा तरी, त्यांच्याकडं कोण आजारी पडलं." बघतो तर वहिनी रिकाम्या रांजणात डोकं घालून हाक घालायची सवय करत होत्या. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून रांजण! आमच्या घरातली भांडी त्या आवाजानं थरथरत होती. मी काही बोललो नाही. रांजणातून आवाज रानात जायला पंधरवडा लागला, पण गेला.

इकडं संपतराव चुलीपुढं पलस्तराचा पाय लांब करून बसायचे आणि भिंतीतून ताराला विचारायचे, "वहिनी, पीठ हाताला चिकटून राहिलं, काहून?" तारा इकडून सांगायची, ते तिकडून थापायचे. त्यांची पहिली भाकर कुत्र्यानं हुंगली आणि तो दुसरीकडं तोंड करून बसला. वहिनी मात्र मुकाट खायच्या. एक दिवस त्यांनी भाकर परत ताटात ठेवली.

"मालक, गड्याला आसली भाकर घालता व्हय?"

मी अंगणात होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या कोणत्याही गोष्टीला नाव ठेवल्याचं मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संपतरावांनी ताराकडून पीठ मळण्याची पद्धत पहिल्यापासून समजावून घेतली.

खरी परीक्षा पेरण्यांनंतर आली. नदीअलीकडच्या सगळ्या रानात सोयाबीन आणि तूर उगवली की मेंढरांना तोंड घालायला जागा उरत नाही. मग कयाधूच्या पल्याडच्या माळावर न्यावं लागतं. नदीला पाणी मांडीभर, पण ओढ असते. आणि वहिनी लहानपणी विहिरीत पडलेल्या. तेव्हापासून भरल्या हौदापाशीही वाकत नसत.

मेंढरू आपणहून पाण्यात उतरत नाही. कळपात पुढं चालणारी एक असते, वहिनींच्या कळपात ती मैना. मैना उतरली की बाकीची डोळे मिटून मागं. मैना कधी उतरणार? तिच्या पुढं माणूस पाण्यात दिसला की. त्या दिवशी वहिनी काठावर दुपारपर्यंत उभ्या राहिल्या. त्या उतरेनात म्हणून मैना उतरेना, मैना उतरेना म्हणून कळप उतरेना. संध्याकाळी सगळी उपाशी परत आली आणि वहिनी आमच्या मागच्या दाराशी.

"महाराज, मी साल मोडते. मालकायला सांगा."

"मी नाही सांगणार, वहिनी. ओट्यावर या."

"ठरवताना तुमीच बोलले ना?"

"ठरवताना चाललं. मोडताना ज्याचं त्यानंच बोलायचं असतं."

भिंतीपलीकडं मेंढरं भुकेनं ओरडत होती.

"ओट्यावर किती माणसं आसतील?"

"ओटा भरून."

"आन नदीला पाणी किती हाय म्हणले?"

"मांडीभर."

"मंग नदीच बरी," वहिनी म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मला पल्याडच्या गावात सत्यनारायण होता. (नसता तरी मी काही तरी काढला असता.) काठावर पोचलो तर वहिनी कासोटा घालून उभ्या, मैनेच्या गळ्यातली दोरी हाताला गुंडाळलेली. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील म्हणून मी हात जोडले. जवळ गेलो तर त्या मैनेला शिव्या देत होत्या. एकेक अशी शिवी, की ती त्यांना येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या उतरल्या. घोटा, गुडघा, मांडी. मधोमध पाय घसरला आणि वहिनी डोक्यासकट पाण्यात गेल्या. मी काठावर "अहो, अहो" करत नाचत होतो, दुसरं काही करण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं. मग डोकं वर आलं, दोरी हातातच होती, आणि रांजणातला तो आवाज भर नदीत उठला: "हुर्र्र... ह्याऽऽ!" मैनेनं उडी घेतली. तिच्या मागं सगळा कळप पाण्यात उतरला आणि नदी माना वर केलेल्या मेंढरांनी भरून गेली. मला रडू आलं. उगाच लपवत नाही, चांगलं हुंदके देऊन रडू आलं. आणि मी सगळ्यांत मागच्या एडक्याची लोकर धरून पल्याड गेलो, तेही सांगून टाकतो, नाहीतर वहिनी सांगतातच.

पल्याड खेमा मोहनसिंगचा कळप घेऊन उभा होता. त्यानं हे सगळं पाहिलं होतं. "काकू, आता तुमाला कोण आडवतंय," तो म्हणाला. वहिनी लुगडं पिळत थरथर कापत होत्या आणि मोठमोठ्यानं हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं साल भराभर गेलं. वहिनी लोकर कातरायला शिकल्या. पहिलं मेंढरू कातरून सोडलं तेव्हा बाकीच्यांनी ते ओळखलंच नाही. दिवाळीनंतर खत होण्यासाठी शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवायला बोलवायला लागले, तेव्हा बांधावर उभ्या राहून त्या बाप्यांशी बोलणी करायच्या. पण गावात शिरल्या की तोच मागचा बोळ आणि तोच उकिरडा. ओट्यासमोर यायचं म्हटलं की पदर दातात जायचा.

संपतरावांचा पाय बरा झाला. भाकरीही गोल व्हायला लागल्या. पाडवा जवळ आला तसे ते खुशीत म्हणू लागले, "चला, साल सरलं. आता मी मेंढरामागं आन ही चुलीपाशी. जसं होतं तसं." एक दिवस वहिनी मला म्हणाल्या, "महाराज, मला मेंढरं सोडून घरात बसणं व्हायचं न्हाई. पाडव्याला तुमी माझ्या वतीनं..."

"नाही," मी म्हणालो. मला वाईट वाटलं, पण नाहीच म्हणालो.

सत्त्याण्णवच्या पाडव्याला मी पंचांग वाचलं. बोलणी सुरू झाली. वहिनी मागच्या बोळातून येऊन कडुलिंबाच्या झाडाआड उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. संपतराव आलेच नव्हते. घरचं माणूस, त्याचं साल काय ठरवायचं? तेवढ्यात मोहनसिंग ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "ती नदी वलांडणारी बाई कुठं हाय? तिचं कोणी ठरवलं न्हाई ना? मंग मी ठेवतो. खेमा म्हणतो, तिच्यावाणी मेंढरं कोणी सांभाळत न्हाई."

कोणी तरी संपतरावांच्या घराकडं पळालं. संपतराव आले ते कोपरापर्यंत पिठात, काठी घरीच विसरून. "घरचं माणूस हाय ते माझं! साल कशाचं ठरवता?"

"संपतराव," मी म्हणालो, "बोलायचं असलं तर ओट्यावर बसून बोला. मागच्या वर्षी तेवढंच चुकलं होतं."

ते बसले. निमूट बसले. आणि सगळ्यांचे डोळे लिंबाकडं वळले.

वहिनी पुढं आल्या. त्या काही तरी पुटपुटल्या. "ऐकू येईना!" मागून कोणी तरी ओरडलं. वहिनींनी डोळे मिटले, दातातला पदर काढला आणि नदीतला आवाज काढला.

"मला कोणाचंच साल नको!"

देवळावरची कबुतरं उडाली. खाली शेपटी घालून बसलेलं कुत्रं उठून पळालं. वहिनी आपल्याच आवाजानं दचकल्या, पण थांबल्या नाहीत.

"मोहनसिंगभाऊ, तुमी इचारलं, लई मोठेपणा दिला. पर मी सालानं ऱ्हाणार न्हाई. मालक, दोन मेंढ्या माझ्या बापानं दिल्या. मेंढरं नदीपार म्या नेली. आता मी बटईनं ऱ्हाते. कळप निम्मा तुमचा, निम्मा माझा. दोघं मिळून चारू. कबूल आसंल तर बोला. न्हाई तर माझी निम्मी मेंढरं घेऊन मी पल्याड जाते."

संपतराव आता भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही निराळंच चाललं होतं.

"आन भाकर?" त्यांनी हळूच विचारलं.

"ती बी बटईनं. सकाळची तुमी, सांजची मी."

ओटा हसून हसून लोळायचा राहिला. सगळ्यांत शेवटी संपतराव हसले, पण एकदा हसले ते थांबेनात. "सकाळची मला चांगली जमती," ते डोळे पुसत म्हणाले. त्यामुळं पीठ सगळ्या तोंडाला लागलं. "कबूल."

माझ्या हातात विडा होता आणि मी अडलो. गडी असता तर खाली उभं राहून विडा घेतला असता. बटईवाल्यानं कुठं उभं राहायचं? संपतराव जरा सरकले आणि शेजारची जागा पिठाच्या हातानं झाडली. वहिनी ओट्यावर चढल्या आणि तिथं बसल्या. मी विडा मधून मोडला आणि दोघांना अर्धा अर्धा दिला.

याला आता बरीच वर्षं झाली. आमचा जिल्हा परभणीतून निघून हिंगोली झाला, मैनेच्या नातींच्या नाती कळपापुढं चालतात, आणि सकाळची भाकर अजून संपतरावच थापतात. परवा सेनगावच्या बाजाराहून मी आणि वहिनी एकाच एसटीत होतो. गाडी खच्चून भरलेली. फाटा जवळ आला तशी वहिनींनी मागच्या सीटवरून हाक मारली, "ओ कंडक्टर, फाट्यावर थांबवा!" ड्रायव्हरनं असा ब्रेक दाबला की उभी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. गावातली दोन पोरं गाडीत होती, ती टाळ्या देत म्हणाली, "काकू म्हणजे जन्मापासूनच..."

मी वहिनींच्या शेजारी बसलो होतो, म्हणून मला दिसलं. हाक मारताना वहिनींनी पुढच्या सीटची दांडी गच्च धरली होती. इतकी, की बोटं पांढरी पडली होती.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "वहिनी, अजून भ्या वाटतं?"

"व्हय की. कुठं जातंय ते." त्यांनी पिशवी डोक्यावर घेतली. "मेंढरावाणी हाय, महाराज. आपण म्होरं झालो की मागनं येतं गुमान."

मग आम्ही गावाकडं चालू लागलो. वहिनी पुढं, मी मागं, आणि ओट्यासमोरूनच गेलो.